पोशीबाईला सांगायचं राहिलं

बहिणीच्या बाळंतपणासाठी मी दीड महिना वाईला होते. परत आले त्याच आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, नेहमीसारख्या पिशव्या घेऊन निघाले. बदलापूरच्या बाजारात शिरलं की आधी भांड्यांची दुकानं लागतात, मग सुक्या मासळीच्या बायका, आणि त्यांच्याही पुढे, जिथे दुकानं संपून रस्ता गावाबाहेर वळतो, तिथे डोंगरातल्या पाड्यांवरून आलेल्या बायका जमिनीवर फडकी पसरून बसतात. त्यांतली शेवटची जागा पोशीबाईची. त्या दिवशी तिथे तिची सून सोमी बसली होती. मला वाटलं, म्हातारी पाणी प्यायला गेली असेल. मी विचारलं, "सासू कुठेय गं?" सोमी कैऱ्यांवरची धूळ पदराने पुसत होती. वर न बघता म्हणाली, "ती गेली ना, मास्तरीणबाय... शिमग्याचे आधी. चार दिस ताप व्हता. पाचवे दिशी सकालचीच गेली." आणि मग, गिऱ्हाईक समोर उभं आहे म्हणून, "कैऱ्या देऊ?" मी कैऱ्या घेतल्या. किती घेतल्या, कशाला घेतल्या, काही आठवत नाही. घरी येऊन पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि तशीच बसून राहिले.

पोशीबाई डोंगरातली ठाकरीण. तिचा फोटो कुणी काढला नाही, तिच्या मरणाची बातमी कुठल्या वर्तमानपत्रात यायची नव्हती. भाजी विकणाऱ्या बाईबद्दल पुरवणीत लिहायचं काय, असं आमच्या घरातही कुणी म्हणालं. पण मला तिच्याबद्दल लिहायचं आहे, त्याहून जास्त माझ्याबद्दल लिहायचं आहे. एक गोष्ट मी तिला पाच वर्षं सांगितली नाही. आता ती ऐकायला नाही, म्हणून चारचौघांत सांगते आहे.

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी लग्न होऊन मी बदलापूरला आले. हे इथल्या शाळेत मास्तर. मी देशावरची, मेथी, पोकळा, चाकवत यांपलीकडे पालेभाजी असते हे मला ठाऊक नव्हतं. पावसाळा तोंडावर आला होता, आणि बाजारात एका बाईपुढे जांभळट तपकिरी कोंबांच्या जुड्या मांडलेल्या दिसल्या. नाव विचारलं तर म्हणाली, "शेवलं." एक जुडी घेतली. तिने पिशवीत जुडीबरोबर हिरवी बारकी आंबट फळंही टाकली. मला वाटलं, नवखी बघून नको ते गळ्यात मारते आहे. मी ती फळं निवडून निवडून काढली आणि तिच्या फडक्यावर परत ठेवली. तिने माझ्याकडे बघितलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण मी वळलेच होते. त्या दिवशी आमच्या घरात सासूबाई, हे आणि मी, तिघांचेही घसे असे खाजले की संध्याकाळपर्यंत कुणाला धड बोलता येईना. सासूबाईंनी तर मला माहेरी पाठवायची भाषा केली.

पुढच्या बाजाराला मी भांडायच्या तयारीनेच गेले. ती मला बघून आधीच हसायला लागली. "खाजला ना? काकडं टाकली नाय तं खाजनारच. मी घातली व्हती तुजे पिशवीत, तूच काढून दिलीस." शेवळाची खाज त्या काकडांच्या आंबट रसाने जाते, हे तिने मला बाजारात सगळ्यांसमोर, हातवारे करून समजावलं. शेजारच्या बायका हसत होत्या. मला राग यायला हवा होता, पण मीही हसले. खाली उकिडवी बसले आणि म्हणाले, "मग नीट शिकव की."

तिने शिकवलं. टाकळा किती कोवळा असतानाच घ्यायचा, भारंगीचं पाणी का काढून टाकायचं, करटोली कापण्याआधी दाबून कशी बघायची, थंडीत डोंगरातून येणारे करांदे राखेच्या पाण्यात का उकडायचे. एखादी भाजी मी धरली की ती माझ्या हाताकडे बघायची आणि मान हलवायची, म्हणजे ती जून आहे. ती माझ्याहून वीस-पंचवीस वर्षांनी मोठी असावी. तिला स्वतःला वय माहीत नव्हतं. पौषात जन्मली म्हणून पोशी, एवढंच तिला आईने सांगितलेलं. बारवी नदीच्या अंगाला डोंगरात तिचा पाडा. पहाटे निघून डोक्यावर पाटी घेऊन चालत यायची आणि उन्हं कलायच्या आत परत निघायची. आमच्या आळीतल्या बायका मला हसायच्या, की मास्तरीणबाई बाजारात जातात आणि भाजी घ्यायची सोडून शाळा भरवतात.

त्याच सुमाराला कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेली माणसं राहू लागली होती. आता त्या कॅम्पाला उल्हासनगर म्हणतात. बराकींत गोणपाटाचे पडदे लावून एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं. तिथून काही बायका अंबरनाथपर्यंत पायी येऊन पुढे एक स्टेशन गाडीने आमच्या बाजाराला यायच्या. इथे भाजी थेट शेतावरची, डोंगरावरची, ताजी मिळायची. त्यांतली एक खेमीबाई. उंच, गोरी, पायघोळ सुथण, डोक्यावर पांढरी ओढणी. एका हिवाळ्यात ती पाड्यांवरच्या बायकांपुढे एकेकीला विचारत चालली होती, "बीह? बीह है?" कुणाला काही कळेना. मला मोडकंतोडकं हिंदी येत होतं म्हणून बायकांनी मला पुढे केलं. खेमीबाई खाली बसली आणि मातीत बोटाने एक गोल काढून त्यात भोकं काढली. मी म्हटलं, चाळणी हवी असेल, आणि भांड्यांच्या दुकानाकडे हात दाखवला. ती मानेनं नाही म्हणाली, तोंडापाशी घास नेऊन दाखवला. तेव्हा मागून पोशीबाई म्हणाली, "अगं, कमलाचा कांदा मागतेय ती. आमचे तल्यात हाय."

पुढच्या बाजाराला तिने कमळाच्या पानात गुंडाळून चिखलाने माखलेले दोन लांब कांदे आणले. खेमीबाईने त्यातला एक हातात घेतला, मधोमध मोडला. मोडलेल्या दोन तुकड्यांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू ताणले गेले. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि तिथेच रस्त्यावर बसून रडायला लागली. पोशीबाई घाबरली. "काय झाला? सडका निघाला का?" मी खेमीबाईला विचारलं. ती म्हणाली, "माँ बनाती थी... वहाँ." मी पोशीबाईला सांगितलं, तिला आईची आठवण आली, तिचं घरदार सगळं तिकडे राहिलं. पोशीबाईच्या लोट्यात प्यायचं पाणी होतं, ते तिने खेमीबाईच्या हातांवर ओतलं आणि चिखल चोळून चोळून काढला.

तिथून त्या दोघींचं जमलं. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला हिंदी येत नव्हतं, मधे मी. खेमीबाई घरी पापड लाटून कॅम्पात विकायची. त्यातले थोडे पोशीबाईच्या नातवंडांसाठी फडक्यात बांधून आणायची. पोशीबाई तिला 'सिंदीणबाय' म्हणायची. हिवाळाभर तिच्यासाठी कमळकांदे यायचे, आणि तिच्याबरोबर मीही ते सिंधी पद्धतीने, धणे-आलं घालून मंद आचेवर शिजवायला शिकले. "पोशी को बोल," असं म्हणून खेमीबाई मला तिच्या मुलाच्या आजारापासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं सांगायला लावायची, आणि पोशीबाई ऐकून घेऊन एका वाक्यात निकाल द्यायची. मला हे मध्यस्थीचं काम फार आवडायचं. माझ्यावाचून दोघींचं पान हलत नाही, याचा थोडा तोराही असावा.

एका मार्गशीर्षात पोशीबाईने आम्हां दोघींना तळं दाखवायला नेलं. दोन कोस चाल होती. एक ओढा ओलांडायचा, पुढे चढण, आणि अचानक खाली पानांनी भरलेलं पाणी. त्या तळ्याचं नाव मी आज लिहीत नाही... लिहून आता बिघडणारही काही नाही, तरी लिहीत नाही. पोशीबाईने लुगडं वर खोचलं आणि छातीइतक्या पाण्यात शिरली. शोधताना तिने हात पाण्यात घातलेच नाहीत. पायांनी चिखल चाचपत, तोंड वर करून, काहीतरी ऐकत असल्यासारखी ती हळूहळू सरकत होती. मग बुडी मारून एक कांदा काढायची, आणि उरलेलं मूळ टाचेने परत चिखलात दाबायची. "आईला हात लावायचा नाय," काठावर येऊन ती म्हणाली, "पोरी तेवड्या घ्यायच्या. घरातला दाना संपतो तवा पाडा याच्यावर जगतो." आणि ओलं लुगडं पिळत पुढे म्हणाली, "बाजारात कुनाला वाट सांगू नका. पानी थोडा हाय, खानारी तोंडा लय." मी ते हिंदीत सांगितलं. खेमीबाईने कानांच्या पाळ्यांना हात लावून शपथ घेतली. मी हसून म्हटलं, "मी कुणाला सांगणार?"

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी कल्याणच्या बाजारातले एक अडते आमच्याकडे आले. मुलाच्या शिकवणीबद्दल ह्यांच्याशी बोलायचं होतं. जेवायची वेळ झाली म्हणून त्यांनाही पान वाढलं. मी कमळकांद्याची भाजी केली होती. ती त्यांना फार आवडली. ते म्हणाले, "कॅम्पातली माणसं ह्याच्यावर तुटून पडतात, पण येतो तो वाळलेला, लांबून. हा तर ताजा आहे. इथलाच का?" त्यांनी विचारलं ते एवढंच. 'हो, इथलाच' म्हणून मला थांबता आलं असतं. पण घरात आलेल्या परक्या माणसाने माझ्या स्वयंपाकाचं कौतुक केलं होतं, हेही माझ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि मला आणखी काहीतरी सांगायचं होतं जे फक्त मला माहीत होतं. मी तळ्याचं नाव सांगितलं. ओढा कुठे ओलांडायचा ते सांगितलं. चढण कुठून लागते ते सांगितलं. पोशीबाई पायांनी कांदे कशी शोधते, त्याची नक्कलही करून दाखवली. सगळे हसले. अडत्यांनी पुन्हा भात मागून घेतला.

महिना-दीड महिना गेला असेल. एका बाजाराला पोशीबाई आली ती पाटीत नुसती थोडी वालपापडी घेऊन. डोळे सुजलेले. ते तळं जमिनीच्या कागदावर एका दूर राहणाऱ्या खोताचं होतं. पाड्यावरच्या लोकांची ती पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, कागद कसला नव्हता. अडत्याने खोताशी बोलणी करून तळं घेतलं, माणसं आणि बैलगाड्या पाठवल्या. त्यांनी बांध फोडून पाणी सोडून दिलं आणि फावड्यांनी चिखल उपसला. लहान-मोठं, मूळ-कोंब, काही ठेवलं नाही. पाड्यावरच्या बायका मागे राहिलेलं वेचायला गेल्या तर त्यांना हुसकून लावलं. "नुस्ता चिखल हाय आता," पोशीबाई म्हणाली. "बेडूक पन नाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वाट दोघींनाच ठावं व्हती. तू नाय सांगनार, मना ठावं हाय. माल कॅम्पातच गेला ना? त्या सिंदीणीनंच सांगितला."

मी तिच्या पाटीतली वालपापडी निवडत राहिले.

त्या क्षणी 'नाही, मी सांगितलं' एवढं म्हणायचं होतं. तीनच शब्द. मला वाटलं, आत्ता ती रागात आहे, पुढच्या बाजाराला सांगू. पण तेवढ्यात खेमीबाई समोरून येताना दिसली. पोशीबाईने पाटीवर फडकं टाकलं आणि पाठ फिरवली. खेमीबाईने दोनदा हाक मारली, मग मला विचारलं, "क्या हुआ? मैंने क्या किया?" आणि मी, त्या दोघींचं सगळं इकडचं तिकडे पोचवणारी मी, म्हणाले, "उसके घर में कुछ तकलीफ है." पुढच्या बाजाराला खेमीबाईने पापडांचं फडकं तिच्यासमोर ठेवलं. पोशीबाईने ते फेकलं नाही; उचलून रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिली. खेमीबाई थोडा वेळ उभी होती. मग तिने ते फडकं उचललं, माती झटकली आणि गेली. त्यानंतर ती आमच्या बाजाराला आली नाही.

पोशीबाई माझ्याशी मात्र पूर्वीसारखीच राहिली, आणि तेच मला जड जात होतं. दर आठवड्याला मी तिच्यासमोर बसायची. दर आठवड्याला काहीतरी कारण निघायचं... आज गर्दी आहे, आज तिची तब्येत बरी दिसत नाही, आज ती हसते आहे, कशाला. तळं गेल्यावर ती लाकडाच्या मोळ्या आणू लागली होती, पाठीतून वाकली होती. मोळ्यांमुळे ती गेली असं मी म्हणत नाही. ताप कुणालाही येतो. पण तळं असतं तर त्या वयात तिला मोळ्या वाहाव्या लागल्या नसत्या, हेही मला माहीत आहे. एकदा, गेल्या वर्षीच, करटोली माझ्या पिशवीत घालता घालता तिने स्वतःहूनच विचारलं, "ती सिंदीण कशी हाय गं? येत नाय आता." आवाजात राग नव्हता. एवढं मोकळं दार कुणी कुणासाठी उघडून धरत नाही. मी म्हणाले, "मला काय माहीत." ती "बरं" म्हणाली.

सोमीकडून कळल्यावर आठ दिवस मी घरात कुणाशी नीट बोलले नाही. मग ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "दोघींपैकी एक अजून आहे." दुसऱ्या दिवशी मी खेमीबाई राहायची त्या चार नंबरच्या कॅम्पात गेले. विचारत विचारत बराक सापडली. गोणपाटाच्या जागी आता विटांची भिंत होती. खेमीबाई दारात बसून पापड लाटत होती, केस पांढरे झालेले. तिने मला ओळखलं, पाट दिला. मी बसल्या बसल्या सगळं सांगितलं, पोशीबाई गेली हेही. तिचं लाटणं आधी चालू होतं, मग थांबलं.

"पाच साल," ती म्हणाली. तिला आता मराठी येत होतं. "मी समजली, आम्ही निर्वासित, आमचा तिला कंटाळा आला. किती दिवस देणार कोणी. त्यानंतर मी कुठल्या भाजीवालीसमोर खाली बसली नाही. उभ्या उभ्या घेते, निघते." मी रडायला लागले. तिने मला उगी केलं नाही. थोड्या वेळाने ओढणीला हात पुसून विचारलं, "तिच्या जागेवर कोण बसते?" मी सांगितलं, सून. "तिला सांगितलं?" मी नाही म्हटलं. "मग मला सांगून काय? चल. तुझ्या तोंडाने सांग."

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. सोमीपुढे करवंदांची पाटी होती. मी उभ्यानेच सुरुवात केली, मग खाली बसले. अडते, जेवण, ओढा, चढण, सगळं सांगितलं. शेजारच्या बायकाही ऐकत होत्या. सोमी करवंदांतला पाला काढत होती, तो काढायची थांबली. मला वाटलं, ती ओरडेल. ती इतकंच म्हणाली, "आता कशाला सांगतेस, मास्तरीणबाय? सासू असती तं तिनं तुला शिव्या घातल्या असत्या, आन् या सिंदीणबायला बोलावनं धाडलं असतं. आता कोन धाडील?" खेमीबाईला सगळं कळलं होतं. आता तिला माझी गरज नव्हती. ती सोमीसमोर मांडी घालून बसली आणि तिच्या मुलांची नावं विचारू लागली.

मी अजून दर बाजाराला सोमीकडेच जाते. भाजी बांधून झाली, की पोशीबाई जुडीवर आणखी एक मूठ घालायची. नको म्हटलं तरी, पिशवी मागे ओढली तरी घालायची. ती सवय सोमीने उचलली आहे. पाड्यांवरच्या बायकांच्या रांगेत ही एकच अशी वरची मूठ घालते, सगळ्या गिऱ्हाइकांना. खेमीबाई आली की तिला दोन. मला घालत नाही. देते ती भाजी चांगली, निवडलेली देते, त्यात कधी खोट नसते... मी पिशवी उघडी धरून क्षणभर थांबते, आणि मग पिशवीचं तोंड मिटून घेते.